निर्बंधांचा जमाखर्च

अनेक चल राशींवर अवलंबून असणाऱ्या एखाद्या राशीचे लघुतम मूल्य, काही ठरीव अटी पाळून, शोधून काढण्याचे जे शास्त्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गणकयंत्राच्या आश्रयाने वाढीस लागले, त्याचा इतिहास सांगणारे ग्रंथकार बहुधा पद्धतींची वंशावळ सांगण्यातच रमतात. पुढचे पाऊल टाकण्याची नवी युक्ती कोणी कोणत्या साली काढली आणि तिच्या शुद्धतेची सिद्धता कोणी दिली, एवढ्यावर त्यांचे प्रकरण आटोपते. परंतु ज्याने असा एखादा मोठा प्रश्न यंत्रावर प्रत्यक्ष सोडविला आहे, त्याला हे पक्के ठाऊक असते की एकंदर खर्चात या युक्तीचा वाटा पुष्कळदा अल्पच असतो, आणि यंत्राचा बहुतेक वेळ त्या अटींची, म्हणजे शास्त्राच्या परिभाषेत निर्बंधांची, मूल्ये काढण्यात, आणि प्रत्येक चलात यत्किंचित् फेरफार केला असता ती मूल्ये किती हलतात हे सांगणारे अवकलज काढण्यात खर्ची पडतो. या खर्चाच्या बाबीला स्वतःचा असा इतिहास आहे. आणि तो पद्धतींच्या इतिहासाहून अधिक उद्बोधक आहे, असे माझे मत आहे.

लोखंडी दांड्यांचा एक पूल कल्पनेत आणावा. त्यात दोनशे दांडे आहेत, प्रत्येकाची जाडी ठरवावयाची आहे, एकूण वजन कमीत कमी हवे आहे आणि कोणत्याही दांड्यातील ताण नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर जाता कामा नये, असे मानले, तर चले दोनशे, निर्बंध दोनशे, आणि प्रत्येक निर्बंधाचा प्रत्येक चलासंबंधीचा अवकलज मिळून चाळीस हजार आकड्यांचे एक चौकोनी कोष्टक होते. याकोबीचा आव्यूह या नावाने ओळखले जाणारे हे कोष्टक पावलागणिक नव्याने भरावे लागते. त्यातच आणखी एक गोम अशी की, एकाच दांड्याचा ताण हवा असला तरी सबंध सांगाड्याची समीकरणे सोडविल्यावाचून तो मिळत नाही. आणि ती एकदा सोडविली की दोनशेच्या दोनशे ताण एकदम हाती येतात. १९६० साली लुसियन श्मिट या अमेरिकन अभियंत्याने तीन दांड्यांच्या एका लहानशा सांगाड्यावर संरचनेचे विश्लेषण आणि निर्बंधांसहित लघुतमाचा शोध यांची प्रथमच सांगड घालून दाखविली. दांडे तीनच असल्यामुळे खर्चाचा प्रश्न तेव्हा उग्र झाला नव्हता. पण तो पुढे उभा राहणार हे त्या क्षेत्रातील मंडळींच्या लवकरच ध्यानात आले, आणि १९६५ साली रिचर्ड फॉक्स यांनी एका शोधनिबंधात असे दाखविले की ताणांचे अवकलज काढण्यासाठी सांगाड्याचे गणित पुनःपुन्हा मुळापासून करण्याचे कारण नाही. समीकरणे सोडविताना त्यांच्या सहगुणकांच्या आव्यूहाचे जे विघटन एकदा केलेले असते, तेच प्रत्येक अवकलजासाठी पुन्हा वापरता येते. पहिले विघटन महाग. त्यानंतरची प्रत्येक उकल त्या मानाने फार स्वस्त.

यापूर्वीची दोन शतके या खर्चाकडे कोणी पाहिलेच नव्हते. लाग्रांजने १७८८ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या यांत्रिकीवरील ग्रंथात प्रत्येक निर्बंधाला एकेक अज्ञात गुणक जोडून निर्बंधांना मूळ प्रश्नात सामावून घेण्याची जी रीत घालून दिली, तीत अवकलज हे कागदावर लेखणीने काढावयाचे असतात हे गृहीतच होते. आणि कोशीने १८४७ साली सर्वांत तीव्र उताराच्या दिशेने उतरत जाण्याची कल्पना मांडली, तेव्हा त्याच्या मनात ग्रहगोलांच्या कक्षांचे गणित होते आणि त्यातील चले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. असमतांच्या निर्बंधांसाठी लघुतमाच्या आवश्यक अटी १९५१ साली कून आणि टकर यांच्या निबंधाने सर्वतोमुखी झाल्या; विल्यम कॅरुश या विद्यार्थ्याने त्याच अटी १९३९ सालीच शिकागो विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रबंधात लिहून ठेवल्या होत्या, परंतु तो प्रबंध छापला गेला नाही. या क्षेत्रात दप्तरात पडून राहिलेल्या कागदांची गणती पुढे वाढतच गेली.

गणकयंत्र आल्यावर प्रथम असे वाटणे स्वाभाविक होते की, लेखणीने अवकलज काढण्याचे कामही यंत्रावरच सोपवावे. १९५३ साली अमेरिकेत, एक टेंपल विद्यापीठात आणि दुसरा मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेत, असे दोन पदव्युत्तर प्रबंध नेमके याच विषयावर लिहिले गेले. सूत्र यंत्राला द्यावे आणि यंत्राने अवकलजाचे सूत्र परत द्यावे, अशी ती योजना होती. योजना बुद्धिमान खरी, पण सूत्र थोडे गुंतागुंतीचे झाले की त्याचे अवकलज-सूत्र बेसुमार फुगते, त्यात तीच उपपदे दहा ठिकाणी पुन्हा येतात, आणि पुलाच्या ताणासारखी जी राशी सूत्राने नव्हे तर शेकडो ओळींच्या क्रमाने निष्पन्न होते तिला ही रीत लागूच पडत नाही.

मग बहुतेकांनी जो मार्ग धरला तो फरकाचा. चलात थोडी वाढ करावी, फलन पुन्हा मोजावे, दोन मूल्यांतील फरकाला वाढीने भागावे. शिकविण्यास एक ओळ पुरे, आणि तीच त्याची मोहिनी. परंतु दोनशे चले असतील तर पुलाचे गणित दोनशे एक वेळा करावे लागते. आणि एवढा खर्च करूनही उत्तर अर्धेमुर्धेच विश्वसनीय. वाढ मोठी घ्यावी तर फलनाची वक्रता उत्तरात मिसळते. लहान घ्यावी तर जवळजवळ समान अशा दोन संख्यांची वजाबाकी होऊन पुढचे अंक परस्परांना छेदतात आणि मागे उरतो तो पूर्णांकनाचा गाळ. सुमारे सोळा अंकांनी चालणाऱ्या यंत्रावर, आणि चले एककाच्या आसपासची असता, वाढ एकाच्या दहा कोटीव्या हिश्शाइतकी ठेवणे सर्वांत बरे पडते, आणि तसे केले तरी सोळांपैकी आठच अंक भरवशाचे निघतात. लघुतमाजवळ जाताना, जेथे अवकलजच शून्याकडे झुकू लागतात, तेथे ही तूट चांगलीच जाचते.

पहिले अवकलज इतके महाग, तर दुसऱ्यांचे नाव कोण काढणार? शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेतील विल्यम डेव्हिडन या भौतिकशास्त्रज्ञाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्याचे गणित इतके लांबत असे की ते पुरे होण्यापूर्वीच त्या काळचे अस्थिर यंत्र बंद पडावे. तेव्हा त्याने पावलापावलाला मिळणाऱ्या पहिल्या अवकलजांच्या फरकांवरूनच दुसऱ्यांचा अदमास बांधत जाण्याची रीत काढली आणि १९५९ साली ती प्रयोगशाळेच्या अहवालात लिहिली. निबंध प्रसिद्धीसाठी स्वीकारला गेला नाही. फ्लेचर आणि पॉवेल यांनी १९६३ साली ती रीत सुधारून जगापुढे आणली, तिच्यावर शेकडो निबंध निघाले, आणि मूळ अहवाल मात्र छापून निघाला तो १९९१ साली. (हाच डेव्हिडन १९७१ साली पेन्सिल्व्हेनियातील मीडिया या गावी अमेरिकेच्या गुप्तचर खात्याचे कार्यालय फोडून तेथील दप्तर वृत्तपत्रांकडे पोहोचविणाऱ्या मंडळींचा म्होरक्या होता, हे त्याच्या मृत्यूनंतर, २०१४ साली, जाहीर झाले. दप्तरात कागद कोंडून राहणे त्याला मानवत नसावे.)

निर्बंधांच्या बाबतीत पहिली खरी किफायत सापडली ती इंग्लंडात हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रात. १९७४ साली कर्टिस, पॉवेल आणि रीड या तिघांनी एक अगदी त्रोटक टिपण प्रसिद्ध केले. मोठ्या प्रश्नांत, त्यांनी म्हटले, प्रत्येक निर्बंधात सगळी चले येत नाहीत. कोष्टकातील बहुतेक घरे कायमची शून्य असतात, आणि ती कोणती हे आधीच माहीत असते. मग ज्या दोन चलांचा एकाही निर्बंधात एकत्र संबंध येत नाही, ती दोन्ही एकाच वेळी हलविली तर बिघडले कोठे? प्रत्येक निर्बंधात झालेला बदल कोणत्या चलामुळे झाला याविषयी संदेह राहतच नाही. ज्या कोष्टकात मुख्य कर्णावर आणि त्याच्या दोन्ही अंगांना लागून असलेल्या घरांतच आकडे आहेत, त्याची चले तीन गटांत विभागता येतात. म्हणजे चले एक हजार असली तरी हजारऐवजी फक्त तीन जादा मूल्यमापनांत सबंध कोष्टक भरून निघते. ज्या कल्पनेसाठी एकही नवे प्रमेय लागले नाही, तिने कित्येक प्रमेयांपेक्षा अधिक यंत्रवेळ वाचविला असेल. पुढे १९८३ साली कोलमन आणि मोरे यांनी दाखवून दिले की कमीत कमी गट पाडण्याचा हा प्रश्न म्हणजे आलेखाचे बिंदू, जोडलेल्या बिंदूंना एकच रंग येणार नाही अशा बेताने, कमीत कमी रंगांत रंगविण्याचा जुना प्रश्नच होय. त्याचे निर्दोष उत्तर काढणे सर्वसाधारणपणे दुर्घट आहे, पण व्यवहारात हाताला येईल तो पहिला मोकळा रंग देत जाण्याची साधी रीतही बहुधा पुरेशी ठरते.

पुलाच्या कोष्टकाला मात्र या युक्तीचा उपयोग नाही. तेथे एक दांडा जाड केला की भाराची वाटणी सर्वत्र बदलते. शून्य घरे जवळजवळ नसतातच. त्या बाजूचे अभियंते वेगळ्या वाटेने गेले. १९७४ सालीच श्मिट आणि फार्शी यांनी असा विचार मांडला की, जे ताण मर्यादेपासून दूर आहेत त्यांचे अवकलज तूर्त कशाला काढावयाचे? मर्यादेला टेकलेले किंवा टेकू पाहणारे निर्बंध तेवढे पटावर ठेवावे, बाकीचे त्या फेरीपुरते खारीज करावे.

अवकलजाविषयीच्या विचाराला खरे वळण लागले ते एका निराळ्याच प्रश्नातून. १९६४ साली वेंगर्ट याने दोन पानांच्या एका निबंधात असे मांडले होते की, यंत्र जी आकडेमोड करते ती कितीही लांबलचक असली तरी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मोजकी ठरीव फलने यांचीच ती साखळी असते. मग प्रत्येक कडीपाशी मूल्याबरोबर त्याचा अवकलजही शृंखला-नियमाने काढीत गेले तर शेवटी सूत्रही फुगत नाही आणि वजाबाकीत अंकही गळत नाहीत. शुद्धतेचा प्रश्न सुटला. खर्चाचा सुटला नाही, कारण एका खेपेत एकाच चलाचा अवकलज मिळे. १९७० साली हेलसिंकी विद्यापीठातील सेप्पो लिनैन्मा हा विद्यार्थी पूर्णांकनाच्या त्रुटींवर पदव्युत्तर प्रबंध लिहीत होता. आकडेमोडीच्या प्रत्येक पायरीवर जी बारीकशी चूक होते ती अंतिम उत्तरात किती उमटते, हा त्याचा प्रश्न. आणि त्याचे उत्तर म्हणजे प्रत्येक मधल्या मूल्यासंबंधीचा अंतिम मूल्याचा अवकलज. कोपनहेगनच्या एका उद्यानात, ऊन पडलेल्या दुपारी, त्याला सुचले की हे सगळे अवकलज शेवटापासून आरंभाकडे येत येत एकाच खेपेत काढता येतात. पेढीवरचा कारकून दिवसभर रोजकीर्दीत क्रमाने नोंदी करतो, आणि शिल्लक जुळेनाशी झाली की शेवटच्या रकमेपासून एकेक नोंद मागे तपासत जाऊन कोणत्या कलमाचा शिलकीवर किती परिणाम झाला ते ठरवितो; येथेही तोच प्रकार, फक्त त्यासाठी रोजकीर्द, म्हणजे प्रत्येक मधले मूल्य, जपून ठेवलेले असले पाहिजे. प्रबंध फिनिश भाषेत होता. इंग्रजीत त्याचा गाभा १९७६ साली आला, तोही पूर्णांकनाच्या त्रुटींवरील निबंध म्हणून. लघुतमाच्या शोधात गुंतलेल्यांनी तो वाचण्याचे काही कारण नव्हते.

या उलट्या रीतीची ताकद एका बाळबोध उदाहरणावरून कळते. शंभर संख्यांचा गुणाकार हे फलन घ्यावे. त्याचा प्रत्येक अवकलज म्हणजे ती एक संख्या वगळून उरलेल्या नव्याण्णव संख्यांचा गुणाकार. असे शंभर अवकलज स्वतंत्रपणे काढले तर नऊ हजार आठशे गुणाकार करावे लागतात. पण डावीकडून आणि उजवीकडून असे दोन चढते गुणाकार लिहून ठेवले आणि प्रत्येक जागी त्यांची जोडी लावली, तर अवघे दोनशे चौऱ्याण्णव पुरतात. बर्ट स्पीलपेनिंगने १९८० साली इलिनॉय विद्यापीठाच्या प्रबंधात हाच दाखला दिला, आणि दिलेल्या कार्यक्रमावरून त्याचे अवकलज काढणारा दुसरा कार्यक्रम यंत्राकडूनच लिहवून घेण्याची तजवीजही करून दाखविली. १९८३ साली बाउर आणि श्ट्रासेन यांनी सिद्ध केले की एका फलनाचे सगळे अवकलज मिळून होणारा खर्च त्या फलनाच्या स्वतःच्या खर्चाच्या एका लहानशा, ठरीव पटीपलीकडे जात नाही. ही पट पाचाच्या आसपासची आहे, मग चले दहा असोत की दहा लाख. फरकाच्या रीतीवर वाढलेल्या पिढीला हे विधान पटणे जड गेले, आणि आन्ड्रेआस ग्रीवांक याने १९८९ पासून त्याचा जो अथक पुरस्कार केला त्यावाचून ते पटलेही नसते. प्रत्येक मधले मूल्य जपण्यासाठी स्मृती अफाट लागते, या आक्षेपाला त्यानेच १९९२ साली उत्तर दिले: सगळेच जपू नये, मधूनमधून खुणा ठेवाव्या आणि मधला भाग गरजेनुसार पुन्हा मोजावा, तसे केल्यास स्मृती आणि जादा श्रम दोन्ही अतिशय सावकाश वाढतात. वायुमानाचा अंदाज वर्तविणारे शास्त्रज्ञ हीच उलटी चाल वेगळ्या नावाने योजीत होते. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज-केंद्राने १९९७ च्या नोव्हेंबरात तिच्यावर आधारलेली पद्धत रोजच्या कामात आणली.

परंतु हा स्वस्तपणा एका फलनापुरता आहे, आणि उत्साहाच्या भरात हे पुष्कळदा विसरले जाते. निर्बंध दोनशे असतील तर उलट्या खेपाही दोनशे. कोष्टक जेथे दाट आहे तेथे कोणतीही जादू चालत नाही. जेथे विरळ आहे तेथे हार्वेलच्या तिघांचीच गटवारी पुन्हा उपयोगी पडते, फक्त फरकाऐवजी अचूक अवकलजांच्या खेपा गटागटाने होतात. एके ठिकाणी मात्र निर्बंधांच्या संख्येचा जाच खरोखरच संपतो. लाग्रांजच्या गुणकांनी सगळे निर्बंध एका बेरजेत ओवले की ती बेरीज एकच फलन होते, आणि तिचे पहिले अवकलज एका उलट्या खेपेत मिळतात. दुसऱ्या अवकलजांचे कोणत्याही दिशेतील मूल्यही तेवढ्याच प्रमाणातल्या खर्चात येते. याचे महत्त्व १९८४ नंतर वाढले. ग्वाल्हेरात जन्मलेले आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी त्या साली बेल प्रयोगशाळेतून रेषीय प्रश्नांसाठी जी अंतर्बिंदूची पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यामुळे जुन्या अडथळा-पद्धती पुन्हा जिवंत झाल्या, आणि त्यांचे जे वंशज वक्र निर्बंधांसाठी तयार झाले ते दुसरे अचूक अवकलज मागू लागले. त्याच बेल प्रयोगशाळेत फूरर, गे आणि कर्निघन हे ॲम्पल नावाची भाषा रचीत होते; तीत प्रश्न केवळ गणिती रूपात मांडावा, आणि पहिले, व पुढे दुसरेही अवकलज डेव्हिड गे याच्या आज्ञावलीने आपोआप पुरवावे, अशी सोय झाली.

त्यापूर्वीचा रिवाज काय होता हे स्टॅनफर्ड येथे मर्टाग आणि साँडर्स यांनी रचलेल्या मिनॉस या प्रणालीवरून कळते. वापरणाऱ्याने दोन उपकार्यक्रम फोर्ट्रानमध्ये स्वहस्ते लिहून द्यावयाचे, एक उद्दिष्टाचा व एक निर्बंधांचा, आणि त्यांत मूल्यांबरोबर अवकलजही भरावयाचे; जे भरता आले नाहीत ते प्रणाली फरकाने काढून घेई. जे भरले त्यांचीही ती आरंभी फरकाच्या रीतीने तपासणी करी, आणि ही तरतूद केवळ शोभेची नव्हती, कारण हाताने काढलेल्या अवकलजांत चिन्हाची एखादी चूक राहणे हा नित्याचा अनुभव होता. मात्र उद्दिष्ट आणि निर्बंध वेगवेगळ्या उपकार्यक्रमांत गेल्यामुळे दोहोंना लागणारे सामाईक गणित, उदाहरणार्थ पुलाच्या उद्दिष्टातही ताण येत असतील तर सबंध सांगाड्याची उकल, दोनदा होण्याचा धोका असे. मेरीलँड विद्यापीठातील सीएफएसक्यूपी या प्रणालीने त्यासाठी एक खूण ठेवली: बिंदू बदलला आहे की जुनाच आहे एवढेच ती सांगे, आणि जुना असेल तर वापरणाऱ्याने जपून ठेवलेली उकल पुन्हा वापरावी. वेश्टर आणि बीग्लर यांच्या इपॉप्ट या प्रणालीतही तीच खूण आहे. ती कोष्टकातील अशून्य घरांची यादी आरंभी एकदाच मागून घेते आणि पुढे केवळ आकडे मागते. उद्दिष्ट, त्याचे अवकलज, निर्बंध, त्यांचे अवकलज आणि गुणकांसह केलेल्या बेरजेचे दुसरे अवकलज अशा पाच मागण्या ती एकाच बिंदूपाशी करू शकते, आणि प्रत्येक मागणीबरोबर ती खूण पाठविते. तिच्याकडे लक्ष न देणाऱ्यालाही उत्तर तेच मिळते, मात्र सांगाड्याची तीच समीकरणे एका बिंदूपाशी पुनःपुन्हा सुटतात.